रामजीदादाची शेंदराची टिकली

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी चहाचं निमित्त काढून उठतो. मी फिटर माणूस. जे पान्याने खोलता येत नाही, ते माझ्या लेखी नाहीच! पण ही एक गोष्ट मला आजवर खोलता आलेली नाही... म्हणून लिहितोय.

जव्हार तेव्हा संस्थान होतं. मी एका शेठच्या सर्व्हिस मोटारीवर, म्हणजे उतारूंच्या गाडीवर, ड्रायव्हर आणि फिटर, दोन्ही. काम शिकवलं पोशेऱ्याच्या रामजीदादाने. तो शेठची लॉरी चालवायचा. मोखाड्याहून जव्हारला येताना चढावर वाघोबाचा दगड आहे, शेजारी झरा. तिथे तो हटकून थांबायचा. आधी वाघोबाला पाणी, मग रेडिएटरला. इंजिनातलं पाणी किती तापलं ते दाखवणाऱ्या डायलच्या काचेवर त्याने वाघोबाच्याच शेंदराची टिकली लावली होती. म्हणायचा, "काटा टिकलीला लागला का थांबायचं. मागं राजा बसलेला असो, नाहीतर कोंबड्या!"

काय माणूस होता... शिव्या घालायचा आणि स्वतःची नागलीची भाकर मोडून अर्धी माझ्या हातात द्यायचा. एका पावसाळ्यात तापाने गेला. मी लहान पोरासारखा रडलो.

पुढे मोटारीचं इंजिन निकामी झालं, तेव्हा शेठने लॉरीचं इंजिन काढून तिच्यात घालायला सांगितलं. माझ्यासमोर दोन डायल — एक मोटारीचा, एक रामजीदादाचा. दोन्हींच्या मागून निघणाऱ्या बारीक नळीच्या टोकाला सारखाच पितळी बल्ब, जो इंजिनात बसतो. जिवंत कुठला, मेलेला कुठला? चुलीवरच्या उकळत्या पाण्यात दोन्ही बुडवले. मोटारीचा काटा झरझर चढला. रामजीदादाचा ढिम्म. नळीच फुटली होती. मग जिवंत बल्ब जागेवर बसवला. लॉरीच्या इंजिनाला आणखी एक भोक होतं, ते मेलेल्या बल्बने बंद केलं आणि त्याची नळी कापून टाकली. डायल मात्र टाकवेना. तारेने स्टिअरिंगजवळ बांधून ठेवला, आपली आठवण म्हणून.

तेवढ्यात माझी बहीण सखू मोखाड्याला, माहेरी, अडली. मूल आडवं आलेलं. सुईण म्हणाली, "माझ्या हातात नाही, जव्हारच्या दवाखान्यात न्या." भर दुपारी तिला मोटारीत घातलं. मागे आईच्या मांडीवर तिचं डोकं. "दादा, लवकर रे..." एवढंच म्हणत होती.

जिवंत काटा खाली, गार. ठरवलं, आज वाघोबाला थांबायचं नाही. चढ लागला, दगड दिसला... आणि रामजीदादाचा काटा हलला. कापलेल्या नळीचा! सावकाश चढला आणि टिकलीवर जाऊन थांबला.

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

आई ओरडली, "अरे मेल्या, पोरगी मरंल ना! थांबतोस काय?"

बॉनेट उघडलं. खालचा रबरी पाइप निसटलेला, रेडिएटर कोरडा ठणठणीत. पाणीच नाही, तर जिवंत काटा काय दाखवणार? आणखी थोडं गेलो असतो तर इंजिन जाम झालं असतं, आणि त्या रानात दुसरी मोटार कुठली! तापलेल्या इंजिनात गार पाणी घातलं तर त्याचं हेड, म्हणजे वरचा भाग, तडकतं. ते निवेपर्यंत थांबलो. सखूचं कण्हणं ऐकत, हात जोडून... हो, मी! पाइप आवळला, झऱ्याचं पाणी आणलं. आधी वाघोबाला घातलं, मग रेडिएटरला.

सखू वाचली. मुलगी झाली.

नंतर तो डायल मी खोलला, हलवला, आपटला, तापवला. काटा तसूभर हलला नाही. जाणकारांना विचारलं, कोणी म्हणे धक्क्याने हलला असेल, कोणी म्हणे तुला भास झाला. असेल बुवा! मला कारण सापडलेलं नाही.

डायल माझ्या फळीवर आहे. टिकली पुसट झाली की भाची येऊन नवा शेंदूर लावते. मी रोज सकाळी चहा पिताना त्याच्याकडे बघतो. कारण नाही कळलं तरी चालेल. पण रामजीदादा, आणखी एकदा तरी हलव रे तो काटा.