उदाहरण क्रमांक चार

सोमवार, ११ मार्च २०१९. समुपदेशकांच्या प्रशिक्षणाचा दुसरा दिवस. हजेरीपटावर प्रशिक्षक म्हणून ताईंची सकाळी येतानाची सही आहे. जातानाचा रकाना कोरा आहे.

लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना आधार देणाऱ्या या केंद्रात ताई चौदा वर्षं काम करत होत्या. त्याआधी त्या इस्पितळाच्या नोंदणी विभागात होत्या, त्यामुळे कागद किती बोलतो हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. केंद्राबाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदातून ओळख पटेल असा तपशील गाळायचा, हे त्या इतकं घोकवून घेत की शिकाऊंनी त्यांचं नाव ‘खोडरबर’ ठेवलं होतं. नवरा तर पाहुण्यांना सांगे, "आमच्याकडे वाणसामानाची यादीसुद्धा फाडली जाते. वाण्याची ओळख पटायला नको!"

जेवणानंतर सरावाचा तास होता. एकीने पीडितेची भूमिका करायची, दुसरीने समुपदेशकाची. हे प्रसंग ताई एरवी स्वतः रचत. या खेपेस संचालकांनी परस्पर नवे कागद छापून वाटले. शिकाऊंमधल्या एका परिचारिकेने उदाहरण क्रमांक चार वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला ती थबकली.

"अगंबाई! जुळ्या बहिणी, चष्म्याचं दुकान, टेबल टेनिसचा प्रशिक्षक... ही तर आमच्या गल्लीतली—"

"गप्प! पुढे एक अक्षर नको!"

चढलेला आवाज ताईंचा होता. त्यांनी कागद हिसकावून वाचला. कुलूपबंद फाईलमधली, त्यांच्याच हातची वाक्यं होती. ती बोलायला, जिची ती फाईल होती त्या तरुण मुलीला पाच महिने लागले होते. ‘हे या खोलीबाहेर जाणार नाही,’ असा शब्द ताईंनी दिला, तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं होतं.

"ताई, एवढं काय आकाश कोसळलं?" दाराशी उभे असलेले संचालक म्हणाले. "नाव बदललंय की."

"नाव बदललंत. बहीण बदललीत? दुकान बदललंत?"

"खरं असलं की शिकणाऱ्यांना भिडतं."

"तिला विचारलंत?"

"फाईलला संमतीपत्र आहे."

"ते उपचारांसाठीचं. मी भरून घेतलंय, मला शिकवू नका!"

त्या बाकांमधून फिरत कागद गोळा करू लागल्या. संचालक मागोमाग येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "हे आपल्यातच राहू द्या. तिला सांगून उगाच खपली कशाला काढायची?"

ताई वळल्या. अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खपली तुम्ही काढलीत, सर. वर आता ती काढल्याचं तिला कळूही नये, अशी तुमची इच्छा आहे. बायकांना गप्प बसवायला बाहेर काय कमी माणसं आहेत, की पगार देऊन इथेही ठेवावीत?"

उरलेले कागदही त्यांनी गोळा केले. ताईंनी पिशवी उचलली आणि त्या पायीच चष्म्याच्या दुकानात गेल्या.

मुलगी काच पुसत होती. त्यांना पाहून हसली. "ताई, तुम्ही? नंबर वाढला वाटतं!"

ताईंनी तिला मागच्या खोलीत नेलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"किती जणींनी वाचलं?"

"वर्गात बावीस जणी होत्या."

"आणि कागद?"

"तेवीस छापले होते. बावीस माझ्याकडे आहेत."

मुलीने पुसायच्या फडक्याची घडी घातली, मोडली. "तुम्ही शब्द दिला होतात."

"दिला होता."

त्यापुढे ताईंनी ‘पण’ जोडलं नाही. संचालकांचं नाव पुढे करून अंग काढून घेणं सोपं होतं. तेही केलं नाही. मुलगी उठून दुकानात गेली. तिने गिऱ्हाइकाला विचारलं, "काय दाखवू?" आणि मागे वळून पाहिलं नाही.

तेविसावा कागद कुणाकडे आहे, हे आजही कळलेलं नाही. चौकशी झाली असं संचालक सांगतात. चौकशीची एकही लेखी नोंद सापडत नाही. मुलीची पुढची भेट गुरुवारी अकराला ठरली होती. ती आली नाही. आता ती दुसऱ्या कुणाशी बोलते, की कुणाशीच नाही, हेही माहीत नाही.