बाई फोन जोडत नसत

आमच्या ऑफिसात टेलिफोनच्या बोर्डावर ज्या बाई बसत, त्यांना पगार फोन जोडण्याचा मिळे आणि त्यांची ख्याती फोन न जोडण्याबद्दल होती. कर्वे रस्त्यावरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही पंधरा-वीस जण परदेशी गिऱ्हाइकांसाठी प्रोग्रॅम लिहीत असू. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी बाईंकडे येई. त्या रिसीव्हर कानाला लावून चष्म्यावरून हॉलमध्ये नजर टाकत. जो कीबोर्ड बडवतोय, त्याला खुशाल जोडत. जो नुसता बसलाय, त्याला नाही.

एकदा माझ्या सासऱ्यांचा फोन आला. जावई कामात आहेत, असं बाईंनी सांगितलं. काय करताहेत, असं सासऱ्यांनी विचारलं.

"खिडकीबाहेर बघताहेत," बाई म्हणाल्या. "आत्ता हाक मारली तर पुन्हा पहिल्यापासून बघावं लागेल."

माझ्या नोकरीबद्दल सासरी जी शंका होती, ती त्या दिवशी पक्की झाली.

निरोप मात्र एकही हरवत नसे. बाई तो चिठ्ठीवर लिहून ठेवत आणि अकराच्या किंवा साडेचारच्या चहाला हातात देत. तातडीचं आहे म्हणणाऱ्याला त्या दोन प्रश्न विचारत: कोणी आजारी आहे का, आणि चहापर्यंत थांबलं तर नक्की काय बिघडेल? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक लोक फोन ठेवून देत. साहेबांनी एकदा केबिनमधून बाईंना माझ्याकडे फोन जोडायला सांगितलं, तर त्यांनाही उत्तर मिळालं, "अहो, दहा पावलं आहेत. आपण चालत आलात तर वाटेत कळेल, काम आहे की करमत नाहीये." साहेब आले नाहीत.

बाईंच्या टेबलावर बुद्धाची वीतभर मूर्ती असे. ऑफिसात शांतता राहावी म्हणून ठेवली का, असं कोणीतरी विचारलं. "ती माझ्यासाठी," बाई म्हणाल्या. "तुमच्या शांततेसाठी मी आहे."

पुढचं सांगताना मला आजही अवघडायला होतं. एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडणारा प्रोग्रॅम साहेबांनी मला लिहायला सांगितला. तीन आठवडे मी झपाटल्यासारखा त्यातच बुडालो होतो. ते जमलं, कारण त्या तीन आठवड्यांत बाईंनी माझ्यापर्यंत एकही फोन येऊ दिला नाही. हे मला तेव्हा सुचलं नाही. काम संपत आलं तेव्हा एका दुपारी चहाच्या वेळी साहेब खुर्चीशी येऊन म्हणाले, बाईंचं सगळं काम यात आलं ना? पडद्यावरची नजर न काढता मी "हो" म्हणालो. कुठला निरोप थांबवायचा हे बाईंना कळत होतं, माझ्या प्रोग्रॅमला कळत नव्हतं, आणि हे मला पुरतं ठाऊक होतं. पण प्रोग्रॅममधली एक चूक नेमकी तेव्हाच सापडत होती. "नाही" म्हटलं असतं तर अर्धा तास समजावत बसावं लागलं असतं.

दोन महिन्यांत बोर्ड निघाला, बाहेरचे फोन थेट ज्याच्या त्याच्या टेबलावर वाजू लागले आणि बाई घरी गेल्या. त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं बाकी होती.

आता निरोप आला की पडद्याच्या मधोमध खिडकी उघडे आणि घंटी वाजे. जागेवर असलेल्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसे. माउस पाच मिनिटं हलला नाही की तो विझे. ठिपका साहेबांना फार आवडला. विचार करत बसलेला माणूस गैरहजर ठरू लागला. आमच्यातल्या एकाने माउस दोरीने फिरत्या टेबलफॅनला बांधला. त्या महिन्यात सर्वांत कामसू तोच निघाला.

वीसेक वर्षं गेली. दरम्यान मी नवा प्रोग्रॅम लिहिला. त्यात निरोप थांबतात, चहाच्या वेळी एकदम पोचतात, ठिपका नाही, घंटी नाही. फक्त तातडीसाठी एक लाल बटण आहे. लॅपटॉप घेऊन मी कसबा पेठेत बाईंच्या घरी गेलो. त्यांनी सगळं नीट पाहिलं.

"हे लाल बटण कोणाला दिलंय?"

"सगळ्यांना."

"मग आधीचं कशाला लिहीत बसलात?"

मी लॅपटॉप मिटला आणि ज्यासाठी खरं तर आलो होतो ते एकदाचं सांगून टाकलं: साहेबांनी काय विचारलं होतं आणि मी काय म्हणालो होतो.

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "तुमची चिठ्ठी घेऊन मागेच उभी होते."

मग तेव्हाच का बोलला नाहीत, असं मी कसंबसं विचारलं.

"तुमचं लक्ष लागलं होतं," बाई म्हणाल्या. "मध्ये कशी बोलणार?"