दादाचं हँडिकॅप

आमच्या गोल्फ क्लबात हँडिकॅपची यादी मी ठेवते. सात वर्षं झाली. दुसरं कुणी तयार नव्हतं आणि मला याद्यांचा कंटाळा नाही. घरातही किराण्याची, औषधांची आणि कपाटाच्या किल्ल्यांची यादी असते.

हँडिकॅप म्हणजे खेळाडूला मिळणारी सूट. ते पंधरा असेल तर एकूण फटक्यांतून पंधरा वजा करायचे. उरलेला आकडा ज्याचा सगळ्यात कमी, तो जिंकला. सूट ठरते शेवटच्या वीस फेऱ्यांच्या, फटके लिहिलेल्या कार्डांवरून. फेरी संपली की कार्डावर सोबत्याची सही घ्यायची आणि ते ऑफिसबाहेरच्या पेटीत टाकायचं. नियमाने प्रत्येक कार्ड. पण स्पर्धा जवळ आली की काही जणांची चांगली कार्डं घरी राहतात, म्हणजे सूट वाढते. मी फोन करून ती मागवते. अशा लोकांची वेगळी यादी आहे.

माझ्या मोठ्या भावाचं उलट होतं. दादा नाशिक रोडला राहतो. बुधवारी आणि रविवारी सकाळी सहाला गाडी घेऊन मला न्यायला यायचा, आणि त्याच्या कार्डावर सही माझी असायची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याचा चेंडू पूर्वीसारखा लांब जात नव्हता. वाईट फेरीचं कार्ड तो दोनदा घडी घालून मागच्या खिशात ठेवायचा. पेटीत टाकायचा ती फक्त चांगली. त्यामुळे हँडिकॅप अकराच राहिलं आणि प्रत्येक स्पर्धेत तो शेवटच्या चार-पाचांत. "वार्षिक कप एकदा घरी न्यायचाय," एवढंच म्हणायचा. दरवर्षी.

त्याचे फटके मी माझ्या डायरीतही लिहीत होते. यंदा स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी त्यातल्या न टाकलेल्या सोळा फेऱ्या मी नोंदवल्या. सगळ्या खऱ्या. भावाचं प्रकरण म्हणून क्लबच्या कॅप्टनना डायरी दाखवली, त्यांची सही घेतली. हँडिकॅप पंधरा झालं. दादाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो खेळायलाच आला नसता.

नवी यादी फलकावर लावली. दादा फलक बघत नाही; स्वतःचा आकडा त्याला पाठ होता. स्पर्धेत खेळाडू फक्त फटके लिहितात, वजाबाकी ऑफिसात होते.

त्या दिवशी तो शहाऐंशी फटक्यांत परतला. बक्षिसांच्या वेळी कॅप्टननी वाचलं, "एकाहत्तर, पहिला नंबर." दादा उठला, कप दोन्ही हातांनी घेतला आणि खुर्चीवर येऊन बसला. त्याच्या ओठांची हालचाल दिसत होती. वजाबाकी करत होता.

दुसरा आलेला घोटीचा. भाताची गिरणी आहे त्याची. त्याचे बहात्तर. तो चहाचा कप हातात घेऊनच म्हणाला, "ताई, यंदा घरच्या माणसाला लय फटके वाटले की!"

सगळे हसले. दादाही हसला. "कसले फटके?"

"काका, अकराचे पंधरा झाले तुमचे. तिकडं फलकावर हाय ना."

दादा कप घेऊनच फलकापर्यंत गेला. चष्मा कपाळावरून खाली घेतला. परत आला तो सरळ माझ्याकडे.

"कुणी केलं हे?"

"मी. तुझ्याच फेऱ्या आहेत. सोळा."

"मी टाकल्या होत्या पेटीत?"

"टाकायला हव्या होत्या, दादा. नियम आहे."

"मग माझ्याकडे मागायच्यास. बाकीच्यांना फोन करतेस ना?"

"निकाल बरोबर आहे," मी म्हणाले.

"असेल." त्याने कप घोटीवाल्याच्या टेबलावर ठेवला. "घ्या."

तो माणूस ओशाळला. "अहो काका, मस्करी केली मी. नियमात बसतंय तर राहू द्या तुमच्याकडंच."

"तुमचे बहात्तर झाले. माझे पंच्याहत्तर."

मला रडू आलं नाही, रागही आला नाही. पुढची तीन बक्षिसं राहिली होती, ती क्रमाने कॅप्टनच्या हातात दिली. निकालाच्या वहीत लिहिलं: पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूने कप स्वीकारला नाही. खुर्च्या मोजून मांडववाल्याच्या ताब्यात दिल्या.

दादानेच मला घरी सोडलं. द्वारका चौकातल्या सिग्नलला बराच वेळ थांबलो. तो समोर बघत होता.

उतरताना विचारलं, "बुधवारी सहाला?"

"बघू."

बुधवारी सव्वासहापर्यंत मी बूट घालून फाटकाशी उभी होते. मग रिक्षा केली. पोहोचले तेव्हा तो दुसऱ्या एका सभासदाबरोबर तिसऱ्या होलवर होता. मला बघून त्याने हात केला, सगळ्यांना करतो तसा.

आता तो प्रत्येक कार्ड पेटीत टाकतो. चौऱ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, एकशे एक. घडी नसते. सोबत्याची सही त्या सभासदाची. मी तपासून नोंदवते. गेल्या आठवड्यात त्याचं हँडिकॅप सतरा झालं. बदल झाला की खेळाडूला कळवायचं, असं मी आता माझ्या कामांच्या यादीत घातलं आहे. त्यालाही सगळ्यांना जातो तोच मजकूर पाठवला: आपलं हँडिकॅप आजपासून सतरा.

दहा मिनिटांनी त्याचं उत्तर आलं. "मिळालं. आभारी आहे."