साडूंचा दवाखाना आणि हरवलेला पेशंट

पोलीस खात्यात आयुष्य गेल्यावर बरेचसे गुन्हे एकमेकांत मिसळून जातात. कुठल्या चोरीतला मुद्देमाल कुठला आणि कुठल्या मारामारीतला पंच कोण, हे आज कोणी विचारलं तर मला खात्रीने सांगता येणार नाही. नागपुरात धंतोलीतला तो एक दिवस मात्र जसाच्या तसा समोर उभा राहतो, आणि आठवला की मी एकटा असलो तरी हसू येतं. यातली माणसं हयात आहेत, म्हणून नावं देत नाही.

मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून, बंदोबस्ताची वाटणी करून मी खुर्चीत टेकलो, तोच एक डॉक्टर तणतणत आत आले. अंगात पांढरा कोट होता. त्यांच्या मागे नऊवारी नेसलेल्या, पायात रबरी चपला घातलेल्या एक आजी होत्या. डॉक्टरांनी नमस्कार वगैरे काही केला नाही.

"माझा पेशंट पळवलाय. अपहरणाचा गुन्हा दाखल करून घ्या," ते म्हणाले.

कोणी पळवला, असं मी विचारलं. "भिंतीपलीकडच्याने. माझ्या साडूने."

हे साडू प्रकरण आमच्या ठाण्याला नवं नव्हतं. दोघी सख्ख्या बहिणींचे नवरे, दोघेही डॉक्टर. दोघांनी मिळून धंतोलीत मोठं हॉस्पिटल बांधायला काढलं होतं. आर्किटेक्टने एक बाजू काढली आणि तीच उलटवून दुसरी बाजू केली. मधोमध जिना, दोन्हीकडे सारखे वॉर्ड, सारख्या खिडक्या. वरचे मजले पुढे चढवायचं ठरलं. मग मंदी आली. बँकेने कर्जाचा पुढचा हप्ता थांबवला. गावोगावचे पेशंट ऑपरेशन पुढे ढकलू लागले, आणि एकमेकांच्या ताटात जेवणाऱ्या साडूंचं बिनसलं. वर लोखंडी गजांचं रान तसंच उभं राहिलं. खाली इमारतीच्या मधोमध सिमेंटच्या पत्र्याची भिंत घालून एकाची दोन हॉस्पिटलं झाली. पूर्वेकडचं एकाचं, पश्चिमेकडचं दुसऱ्याचं. पार्किंगवरून, पाटीवरून आणि जनरेटरच्या धुरावरून त्यांच्या तक्रारी आमच्याकडे आलेल्या होत्याच. पेशंटची चोरी मात्र पहिलीच.

आमच्याकडे आलेले डॉक्टर पूर्वेचे. हरवलेले गृहस्थ कुहीकडच्या एका खेड्यातले, धानाची शेती करणारे, साठी उलटलेले. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन त्याच दिवशी व्हायचं होतं. सकाळी ते उठून संडासला गेले ते परत आलेच नाहीत. आजी खाटेजवळ बसून राहिल्या, मग भिंतीच्या अलीकडे सगळ्या मजल्यावर शोधून आल्या, मग रडू लागल्या.

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि वर्णन विचारलं. त्यांनी पदराने डोळे पुसले. "टक्कल हाये, मिशा पांढऱ्या हायेत. कानानं कमी आयकू येते. तुमी काई म्हना, ते हो म्हन्ते."

सज्ञान माणसाचं अपहरण असं उठसूट लागत नाही, हे मी डॉक्टरांना समजावून सांगितलं. ठाणे अंमलदाराने 'मिसिंग' दाखल केली आणि वर्णनासह बिनतारी संदेश गेला: उपाशीपोटी, अंगात दवाखान्याचे हिरवे कपडे, कानाने अधू. हवालदाराला घेऊन मी जागेवर गेलो.

वॉर्डात कॅमेरे होते. मंदीमुळे त्यांच्या वायरी ओढायच्या राहिल्या होत्या, त्यामुळे ते नुसतेच पाहत होते. गेटवरच्या पहारेकऱ्याने कोणाला जाताना पाहिलं नव्हतं, पण तो स्वतः चहाला गेला होता हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. डॉक्टरांच्या समाधानासाठी हवालदाराला पलीकडच्या हॉस्पिटलात चौकशीला पाठवलं. तो खालच्या काउंटरवर विचारून हसतच आला. "सायेब, त्यांचे पेशंट गिनून झाले. जेवढे पाहिजे तेवढेच हायेत. एकही जास्त नाही."

तशी नोंद मी डायरीत केली. नोंद बरोबरच होती.

तेवढ्यात खबर आली. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एक पानठेला आहे. त्याचा मालक आमचा जुना खबऱ्या. त्याने सांगितलं की सकाळी एक टकला म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, वर स्वेटर आणि खाली हिरवा पायजामा, ट्रॉलीसाठी केलेल्या मागच्या उतारावरून आला आणि ऑटोत बसला. भाव न करता बसला, हे ठेलेवाल्याला विशेष वाटलं होतं. ऑटोवाला ओळखीचा निघाला. त्याला फोन केला तर तो म्हणाला, शहराच्या पार उत्तरेला, जरीपटक्याच्या बाजारात सोडलं.

कुहीचा शेतकरी उपाशीपोटी जरीपटक्याला कशाला जाईल, हे मला कळेना. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, आमचं तिकडे कोणीही नाही. त्यांचा चेहरा आणखीच उतरला. पूर्वेचे डॉक्टर मात्र खूश झाले. त्यांच्या मते साडूने पेशंटला तिकडच्या एखाद्या दवाखान्यात लपवलं होतं.

जरीपटक्याच्या बाजारात माणूस शोधणं म्हणजे धानाच्या पोत्यात मोहरी शोधणं. पण हिरवा पायजामा लपत नाही. एका पोहेवाल्याने लगेच सांगितलं की तसा एक माणूस दोन प्लेट तर्री-पोहे खाऊन समोरच्या कापडाच्या दुकानात गेला. आम्ही दुकानात शिरलो. गल्ल्यावर स्वेटर घातलेले, टक्कल पडलेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसलेले होते. काउंटरखाली पायजामा हिरवा. वर्णन तंतोतंत जुळत होतं. हवालदार त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला, "बाबाजी, चला. आजी रडून राहिली."

गृहस्थ दचकले. "चिल्लाते क्यों हो भाई? और कौन आजी?"

त्यांना मागच्या गोदामात नेऊन मी चौकशी सुरू केली. ते कुहीचे नव्हते. कुही कुठल्या रस्त्याला आहे हेही त्यांना धड माहीत नव्हतं. दुकान त्यांचंच, घरही वरच. आधी ते काही सांगेनात. माझ्या नोकरीतला अनुभव असा की गुन्हेगार पोलिसाला घाबरतो, पण भला माणूस मुलाला घाबरतो. बाहेर दुकानात त्यांचा मुलगा कापडाचं ठाण मापत होता. त्याला बोलावतो, असं मी म्हटल्याबरोबर गृहस्थांनी माझा हात धरला.

मग सगळं बाहेर आलं. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होतं. आदल्या संध्याकाळी भरती झाले होते. मुलगा सह्या करून घरी गेला होता, दुपारी ऑपरेशनच्या वेळेला यायचा होता. सकाळी शेजारच्या खाटेवरचा माणूस गुंगीतून उठताना कण्हला, ते ऐकून यांचा धीर सुटला. स्वेटर चढवला आणि मागच्या उताराने पसार झाले. घरी सांगितलं, डॉक्टरने पुढची तारीख दिली. मुलाने विश्वास ठेवला, कारण बाप आजवर खोटं बोलला नव्हता.

हॉस्पिटल कुठलं, असं मी विचारलं. धंतोलीतलं, दोन पाट्यांचं. पश्चिमेकडची बाजू.

म्हणजे आम्ही पळालेला पेशंट पकडला होता, पण भलताच. मी उठणार, तेवढ्यात मनात आलं आणि विचारलं, "हॉस्पिटलातून घरी फोन आला का? तुमचा पेशंट पळाला म्हणून?"

"नहीं आया. मैं सुबह से उसी का डर लेकर बैठा हूँ."

मी परत खाली बसलो. मंदीचे दिवस, खाटा निम्म्या रिकाम्या. अशा दिवसांत ऑपरेशनचा पेशंट पळाला तर हॉस्पिटलने नागपूर डोक्यावर घ्यायला हवं होतं. पूर्वेच्या डॉक्टरांनी घेतलंच होतं. पश्चिमेकडे मात्र सगळं शांत. एक माणूस तिथून निघून गेला होता आणि मोजदाद तरी बरोबर भरत होती. याचा अर्थ यांची खाट रिकामी नव्हती. मी घड्याळ पाहिलं. मुलाला ज्या वेळेला बोलावलं होतं, ती वेळ जवळ येत होती.

जीपमधून मी पश्चिमेच्या हॉस्पिटलला फोन लावत राहिलो. रिंग वाजत राहिली. मंदीत त्यांनी टेलिफोनवरची मुलगी कमी केली होती. दुकानदार मागे बसले होते आणि हवालदाराला सारखं विचारत होते, माझ्या जागी दुसऱ्याचं झालं तर माझं टळेल का?

आम्ही जिना चढून वॉर्डात शिरलो तेव्हा दोन कर्मचारी ट्रॉली ढकलत ऑपरेशन थिएटरकडे निघाले होते. ट्रॉलीवर टक्कल, पांढऱ्या मिशा, छातीपर्यंत चादर. मी ट्रॉलीला हात लावला आणि नर्सला विचारलं, हे कोण? तिने दुकानदारांचं नाव सांगितलं. दुकानदार माझ्या मागून हळूच म्हणाले, "वो तो मैं हूँ."

नर्सने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ती जवळच्या स्टुलावर बसली. तिची चूक म्हणावी तरी कशी? हाताला बांधायच्या नावाच्या पट्ट्या संपल्या होत्या आणि मागवल्या नव्हत्या. तिने रीतसर विचारलं होतं, काका, ऑपरेशनवाले तुम्हीच ना? काका हो म्हणाले होते. त्यांच्या पोटाची हजामतसुद्धा झाली होती, हर्नियाला नको तिथपर्यंत.

मी बाबाजींच्या कानाशी वाकून विचारलं, इकडे कसे आलात? ते म्हणाले, संडासातून. दाखवायला सांगितलं तर चादर सांभाळत ट्रॉलीवरून उतरले आणि आम्हाला घेऊन गेले. तेव्हा साडूंच्या वाटणीचा खरा घोळ मला दिसला. भिंत घातली, पण त्या मजल्यावर संडासाचा नळ आणि सांडपाण्याचा पाइप एकच. दुसरा टाकायला दोघांचीही तयारी नव्हती. म्हणून संडास दोघांत सामाईक ठेवला होता, पूर्वेला एक दार, पश्चिमेला एक दार. बाबाजी पूर्वेच्या दाराने आत गेले आणि पश्चिमेच्या दाराने बाहेर पडले. समोर तोच रंग, कारण रंग वाटणीच्या आधी घेतलेला. तेच हिरवे कपडे, त्याच लोखंडी खाटा, तशीच कोपऱ्यातली खिडकी. आणि दुकानदार नुकतेच उठून गेल्यामुळे तीच खाट रिकामी.

"मले वाटलं, पलंग बदलवून देल्ला," बाबाजी म्हणाले. "गादी चांगली होती इथची. मंग निजलो."

आजींना बोलावलं. त्या संडासातून पश्चिमेच्या बाजूला आल्या, नवऱ्याला पाहिलं आणि त्यांचं रडणं थांबलं. बाबाजींचा चेहरा उजळला आणि लगेच ते रागावले.

"कुठी गेली होती वं? सकाळपासून सिस्टरले सांगून राहिलो, माही बुढी हरवली म्हणून."

नर्सने मान डोलावली. तसं ते खरंच सांगत होते, आणि ती त्यांना येतील हो, येतील म्हणत होती.

"मी हरवली?" आजी म्हणाल्या. "मी त् तुमच्याच खाटेजवळ बसली होती जी."

घटनास्थळाचा पंचनामा करणं भाग होतं. घटनास्थळ संडास. दोन्ही डॉक्टरांना हजर राहायला सांगितलं. एक पूर्वेच्या दारात उभे, एक पश्चिमेच्या, मधे मी, हवालदार आणि नाकाला रुमाल लावलेले दोन पंच. ते साडू बऱ्याच काळानंतर एकमेकांशी बोलले ते तिथे. पहिलं वाक्य होतं, "हे दार मी तेव्हाच नको म्हटलं होतं." दुसरं वाक्य त्याहून वाईट होतं. पण आपण आज कोणाचं पोट फाडणार होतो हे पश्चिमेच्या डॉक्टरांना कळलं होतं. ते मधेच थांबले आणि भिंतीला टेकले. पूर्वेचे डॉक्टर संडास ओलांडून पलीकडे गेले आणि साडूला हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

काही दिवसांनी त्यांनी त्या मजल्यावरची भिंत पुढच्या बाजूने थोडी कापली आणि तिथे एकच टेबल टाकलं. तिथे बसलेल्या नर्सला दोन्ही वॉर्ड आणि संडासाची दोन्ही दारं एका नजरेत दिसायची. हे माणुसकीतून झालं असं मी म्हणणार नाही. एक पगार वाचतो, हे दोघांनाही एकाच वेळी सुचलं. पण मंदी नसती तर ते टेबल कधी आलं नसतं, आणि इमारत नीट चालायला तेच हवं होतं.

बाबाजींचं ऑपरेशन पूर्वेकडेच झालं, कारण आजींनी तिथला पलंग सोडायला नकार दिला. दुकानदारांचं पश्चिमेकडे झालं, मुलगा दारात उभा असताना.

नंतर नव्या उपनिरीक्षकांना मिसिंगच्या तपासाबद्दल सांगायची वेळ आली की मी ही केस सांगायचो. तक्रार द्यायला आलेला माणूस जागेवर आहे आणि दुसरा हरवला आहे, असं आपण धरून चालतो. नदी, स्टेशन, बसस्टँड सगळं पालथं घालतो. पण खूपदा हरवलेल्या माणसाला आपण हरवलो हे ठाऊकच नसतं. तो कुठेतरी शांत पडून, आपलं माणूस अजून कसं आलं नाही, म्हणून वाट पाहत असतो.