पट्टी विझते कुणाजवळ?

आमच्या पावडरीच्या छिद्रांत वायू साठतो की नाही, हे अजून ठरायचंय. बेळगावच्या आमच्या लॅबमध्ये किस्से मात्र भरपूर साठलेत!

माझी पीएचडी या पावडरीवर. सेंद्रिय रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांचे हात हलकेच धरतात, मधे बारीक छिद्रं राहतात. पावडर लावलेली कागदी पट्टी निळ्या टॉर्चखाली चमकते. अमोनियासारखा वायू छिद्रांत शिरला की विझते.

हे सगळं मी निपाणीत सासूबाईंना समजावलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे भोकं पाडायला रोज बसनं बेळगावला जातीस? चाळण बोरगावच्या बाजारात बी मिळती की गं!"

एकदा ओव्हनमध्ये पावडर जास्तच तापली. छिद्रं ढासळली, महिन्याची मेहनत सपाट! मी रडवेली. माझे गाईड सर शांतपणे म्हणाले, "विरघळवा आणि परत बनवा. त्यांचे हात सुटले तरी पुन्हा धरतात. तुम्ही आधी चहा घ्या."

मग एका सकाळी टेबलावरच्या सगळ्या पट्ट्या विझल्या. सर ओरडले, "अमोनिया लीक! बाहेर व्हा!" खिडक्या उघडल्या, सिलिंडर तपासले. लीक माझ्या पर्समध्ये होता. दोन दिवसांपूर्वी बाळाला लस टोचायला नेलं होतं, तेव्हाचा ओला लंगोट पर्समधल्या पिशवीत तसाच! शास्त्रज्ञ म्हणून पास झाले की आई म्हणून नापास, कळेना.

खरा घोळ पुढेच. वायू न दाखवलेली कोरी पट्टीही विझायला लागली, तीही अधूनमधून! सर म्हणाले, "सोमवारी रिव्ह्यू आहे. कारण सापडलं नाही तर हा टॉपिक बंद."

तीन वर्षं पाण्यात! मी पाणी बदललं, कागद बदलला, देवही बदलून पाहिला. शेवटी लक्षात आलं, पट्टी विझते ती आमचे अटेंडंट आप्पा ती धरतात तेव्हाच. आणि आप्पा नुकतेच व्हरांड्यात चुना लावून तंबाखू मळून आलेले! चुन्यानं निकोटिन सुटतं, आणि आमची पावडर त्यालाही भुलते.

"आप्पा, मळून झाल्यावर हात धुता का?"

"तंबाखू मळून हात धुत्यात व्हय, बाई? पुसत्यात!"

हात धुऊन आल्यावर त्यांच्याच हातात पट्टी लख्ख चमकली. मी धावत सरांकडे. सर म्हणाले, "एकट्या आप्पांवरून टॉपिक वाचत नाही. पट्टी विझवणारा आणखी एक माणूस दाखवा."

रविवारी पट्ट्या घरी नेल्या. पडदे ओढले, टॉर्च लावला. आधी माझा हात, चमकली. नवऱ्याचा हात, चमकली. सासूबाईंचा हात, चमकली. म्हणजे माणूस मिळेना!

राहिले सासरे. त्यांनी बारशादिवशी पाळण्यावर हात ठेवून तंबाखू सोडलीय. बाळाला मांडीवर घेऊन बसले होते.

पट्टी जवळ नेली. विझली.

दुसरी नेली. तीही विझली!

सासूबाई हळूच म्हणाल्या, "काय सांगती गं ही पट्टी?"

मी काही बोलायच्या आत सासरेच म्हणाले, "बाळानं मुतलं आसंल!"

सासूबाईंनी लंगोट चाचपला.

"कोरडा हाय की वं!"