म्हशींचा संप आणि हेमकांत सरांचा फळा

आमच्या शेजारचे हेमकांत सर निवृत्त झाले, पण त्यांच्या खिशातला खडू अजून नोकरीवर आहे. गेल्या महिन्यात त्यांनी ओट्यावर फळा टांगला आणि रोज एक अर्धं वाक्य लिहायला लागले. डेअरीवर दूध घालायला जाणाऱ्यांनी ते पुरं करायचं. ‘केळीचा घड शाळेत आला आणि मागच्या बाकावर बसला, कारण...’ लोक वाचायचे, सरांच्या तोंडाकडे बघायचे आणि पुढे व्हायचे.

अकरा दिवस फळ्यावर दुसऱ्या कुणाचं अक्षर उमटलं नाही. सर मला म्हणाले, रविवारपर्यंत वाट बघतो, नाहीतर फळा काढतो आणि आम्ही दोघं नवराबायको नाशिकला मुलाकडे राहायला जातो. हसत म्हणाले, पण चहा अर्धाच प्यायले. छत्तीस वर्षं समोर वर्ग बघितलेला माणूस तो.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी लिहिलं, ‘उद्यापासून म्हशी संपावर. त्यांचं म्हणणं असं की...’

आता आमच्या म्हसावदमध्ये फळ्यावर एरवी येतं काय? लाइट कधी जाणार, दुधाचा भाव, कोण वारलं. लोकांनी ‘संप’ तेवढं वाचलं, डेअरी बंद असं समजले आणि रविवारी अर्ध्या गावानं दूध घरातच ठेवलं. गल्लीभर खवा आटत होता. हसू नका, माझ्याही गॅसवर होता.

डेअरीचे सेक्रेटरी चुनीलालभाऊ तणतणत सरांच्या दारात आले. मागून गल्लीतली गुलाबबाई, नऊ लिटर दूध आटवून, हातात उलथनं तसंच. चुनीलालभाऊंनी बजावलं, फळा आत्ताच्या आत्ता पुसा. सरांनी डस्टर उचललं.

गुलाबबाईचा वेगळाच राग. तिची गरीब म्हैस संपावर जाईलच कशी, असं म्हणत ती सरांना झापत होती. डस्टर फळ्याला लागलं तशी थांबली.

“पुसू नका, सर. आधी मन्ही म्हैसनं लिखा. तिले इतलंच पाहिजे, दूध काढताना कोनी तिन्हाशी दोन शब्द बोलानं.”

सरांनी लिहिलं. मग जसोदाबाईच्या म्हशीला दोन दिवस माहेर हवं झालं. फळा भरला, सर लाल खडू घेऊन भिंतीवर गेले. त्यांच्या बायकोनं, कमलबाईंनी, त्या भिंतीला नुकताच चुना दिलेला.  त्यांनी आत जाऊन नाशिकला फोन लावला आणि सांगितलं, इतक्यात येणं होत नाही.

चुनीलालभाऊ अजून उभेच. मी विचारलं, आता काय राहिलं?

“रेडाले कोनी इचारंच नही,” ते म्हणाले.