माझ्या वर्तणुकीची चौकशी

माझी वागणूक चांगली आहे असा सरकारी कागद मिळवायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा घरचे सगळे पोट धरून हसले. माझा आवाज ओढ्यापलीकडे जायचा आणि माझ्या रागाला काळवेळ नव्हता. पण कागद मला हवाच होता. कणकवलीला अपंग मुलांचं वसतिगृह निघालं होतं आणि तिथे मुलांची आंघोळ, जेवण, उठबस बघायला बाई पाहिजे होती. हे काम मी घरी आठ वर्षं फुकट करत होते. माझे काका, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, माडावरून पडून कमरेखाली लुळे झाले होते. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं सगळं माझ्याकडे. आता तेच काम पगार घेऊन करायला मिळणार, घराबाहेर पडायला मिळणार, या विचाराने मला झोप लागत नव्हती.

वसतिगृहाने सांगितलं, आधी पोलिसांचा दाखला आणा. मी ठाण्यात अर्ज दिला. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. नवी विटी नवं राज्य, त्यामुळे ठाण्यात कागदांची भारी हौस. माझ्या अर्जावर कुणीतरी 'गोपनीय' असा शिक्का मारला आणि तो ज्या हवालदाराच्या हाती पडला, त्याने तो शब्द फारच मनावर घेतला. साधा शर्ट, लेंगा, काखेत छत्री असा तो गावात शिरला. दुकानावर उभा राहून त्याने हळूच विचारलं, "त्या घरातली मुलगी वागायला कशी आहे?"

आमच्याकडे असं फक्त मुलाकडची माणसं विचारतात. सोयरीक ठरायच्या आधी कुणीतरी लांबचा मामा असाच येतो, काडेपेटी विकत घेतो आणि मुलीची चौकशी करतो. गाव या कामात तयार. दुकानदाराने हवालदाराला बाकावर बसवलं, सोडा फोडून दिला आणि सांगितलं, "चेडू म्हणजे गरीब गाय. तोंडातून शबूद भायर पडणा नाय." त्याच सकाळी वजनावरून आमचं दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. शेजारची काकी तर त्याच्याही वरताण. "बांगड्याचा तिखला करता, बोटां चाटीत रवशात!" हवालदाराने तेही लिहून घेतलं.

शेवटी तो आमच्या घरी आला. मी बाजारात गेले होते. पडवीत काका एकटेच होते.

चार दिवसांनी मला ठाण्यात बोलावणं आलं. हवालदाराने घसा खाकरून अहवाल वाचला. "स्वयंपाक उत्तम. स्वभाव गरीब. फिट येते. तपकीर चोरते. अपंग चुलत्यास नित्य मारहाण करते."

हे ऐकून ती गरीब गाय अशी काही हंबरली, की कोठडीत झोपलेला माणूस उठून बसला.

"हे कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"खुद्द चुलत्यांनी. बाई, तिथे लहान मुलं असणार. मी 'चांगली' असं कसं लिहू? शनिवारी कागद पुढे जाईल."

त्याचं बरोबर होतं, याचाच मला जास्त राग आला. मी तरातरा घरी आले.

"काका, मी तुका कदी मारलंय?"

"माका काय म्हायत तो पोलीस?" काका भिंतीकडे बघत म्हणाले. "माका वाटला, तुका बघूक इलेत."

"बघूक इले तर असा सांगतत?"

"मगे काय सांगू? बरी म्हटलंय तर न्हेतले नाय तुका?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याआधी आलेली दोन स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच होती. पहिल्याला बहुतेक फिटी सांगितल्या असाव्यात आणि दुसऱ्याला मारहाण.

मी अबोला धरला. आंघोळ घातली, जेवू घातलं, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. माझ्या घशाला याची सवय नव्हती. काकांना तर त्यापेक्षा मार परवडला असता.

शनिवारी उजाडताच ते म्हणाले, "माजो धुतलेलो सदरो काढ. ठाण्यार जावचा आसा."

वडिलांनी आणि दुकानदाराने त्यांना खुर्चीसकट उचलून एस्टीत चढवलं. कंडक्टर तिकीट फाडायला आला, तेव्हा काका सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यां चेडू माका मारणा नाय हां!" तोवर कुणाच्या मनात तसं काही आलंही नव्हतं. आता गाडीतली सगळी माणसं माझ्याकडे वळून बघू लागली.

ठाण्यात काकांनी शुद्ध भाषा काढली. "मी पूर्ण शुद्धीवर राहून सांगतो, की सदर मुलगी मला मारीत नाही. तिला फिट येत नाही. तपकीर..." इथे ते जरा अडखळले. "तपकीर मात्र चोरते." ते खरंच होतं. डॉक्टरांनी त्यांना ती बंद करायला सांगितली होती, म्हणून मी डबी लपवायचे.

"मग ती तुमचं करते तरी काय?" हवालदाराने पेन उचललं.

काकांची शुद्ध भाषा तिथे संपली. "न्हावक घालता माका. ऊन पाणी आदी आपल्या हातार ओतून बगता, मगे माज्या पायार. माज्या पायांका काय कळणा नाय, तरी बगता."

हे त्यांनी कधी पाहिलं असेल, असं मला वाटलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"मग वर्तणूक चांगली, असं लिहू?" हवालदाराने विचारलं.

काकांनी कागदावरच्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "बरी म्हणान लिवल्यात, तर ह्यां जातला?"

"जाईल. सोमवारपासून."

"मगे लिवा," काका म्हणाले. "पण बेगीन लिवा, नायतर माजा मन फिरात."